पडद्यावरचा एवढाच तुकडा

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणकतज्ज्ञांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे डग्लस एंगलबार्ट कानाला हेडसेट लावून बसले आणि दीड तास हजारभर लोकांनी त्यांच्या संगणकाचा पडदा सभागृहाच्या भल्यामोठ्या पडद्यावर पाहिला. माउसचं पहिलं गाजलेलं जाहीर दर्शन म्हणून हा दिवस सांगितला जातो. त्या प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं, आणि ते पाहताना माझं लक्ष माउसपेक्षा मांडणीकडे जातं. एका बाजूला संगणकावरचा मजकूर, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्या एंगलबार्टांचा चेहरा. मध्येच एंगलबार्टांच्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेतून त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन सामील होतात आणि कोपऱ्यातल्या एका चौकटीत त्यांचा चेहरा उमटतो. उरलेल्या जागेत दोघांचा सामाईक मजकूर. आज कुठलाही ऑनलाइन तास उघडा, हीच मांडणी दिसेल.

हे त्या काळी जमलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या प्रयोगशाळेत संगणक ज्या नळ्यांवर चित्र काढायचा त्या जेमतेम पाच इंचांच्या होत्या आणि यंत्रांच्या खोलीतच ठेवलेल्या असत. प्रत्येक नळीसमोर एक टीव्ही कॅमेरा रोखलेला असे. कॅमेऱ्याचं चित्र तारेतून टेबलावरच्या टीव्हीसंचावर जाई, आणि काम करणारा माणूस तो संच बघत काम करी. म्हणजे तिथला माणूस रोजच्या कामातही पडद्याचं चित्रीकरणच बघत होता. ही सोय मुळात पैसे वाचवण्यासाठी होती, कारण प्रत्येक टेबलावर संगणकाची महागडी नळी देणं परवडणारं नव्हतं. पण पडद्याचं एकदा टीव्हीचं चित्र झालं की टीव्हीच्या स्टुडिओतल्या सगळ्या करामती आयत्या हाती येतात. काळ्यावर पांढरं असेल तर उलटं करून पांढऱ्यावर काळं करा, दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र आणा, एकाचा कोपरा कापून तिथे दुसरं बसवा. त्या दिवशी सभागृहातून एंगलबार्टांचे सहकारी बिल इंग्लिश ही सगळी जुळणी सांभाळत होते. मेन्लो पार्क तिथून सुमारे ४८ किलोमीटरवर. तिकडची चित्रं मायक्रोवेव्ह दुव्यांवरून येत होती, आणि कुठल्या क्षणी पडद्याचा कुठला भाग दाखवायचा याचा निर्णय होत होता.

पडद्याचा फक्त एक भाग टिपणं ही आज आपल्याला रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली एक जादाची सोय वाटते. आधी पूर्ण पडदा टिपणारं बटण आलं असेल आणि मग कुणीतरी 'एवढाच भाग' म्हणून पर्याय जोडला असेल, असं आपण गृहीत धरतो. वापरणाऱ्याच्या हाती आलेल्या बटणांपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. यंत्राच्या पोटात मात्र तुकडा आधीपासून आहे, आणि अख्खा पडदा हा त्यातलाच एक मोठा तुकडा.

काही जण या तुकड्याचा वंश थेट युरोपातल्या चित्रकारांच्या चौकटीपर्यंत किंवा कॅमेऱ्याच्या भिंगापर्यंत नेतील. मला ते पटत नाही. चित्रकार चौकटीतून बाहेरचं जग बघतो, आणि ते जग त्याने घडवलेलं नसतं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका यंत्राने स्वतः काढलेला असतो आणि तो कुठे आहे हे यंत्राला आकड्यांत ठाऊक असतं. तुकडा निवडायचा तर डावी कड, वरची कड, रुंदी आणि उंची एवढे चार आकडे पुरतात. त्यामुळे खरा पूर्वज त्या चार आकड्यांच्या इतिहासात शोधायला हवा.

त्याचा एक धागा १९६७ च्या हार्वर्डमध्ये सापडतो. डॅनी कोहेन आणि आयव्हन सदरलँड विमान उडवण्याचा आभास संगणकावर उभा करत होते. सदरलँडांनी त्याआधी १९६३ साली 'स्केचपॅड' लिहून पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढता येतं हे दाखवलं होतं. विमानाच्या प्रश्नात अडचण वेगळी होती. धावपट्टीच्या रेषा लांबच लांब, वैमानिकाला खिडकीतून दिसणार त्यातला थोडाच भाग, आणि विमान हलेल तसा तो भाग सारखा बदलणार. बाहेरच्या रेषा काढण्यात वेळ घालवला तर चित्र अडखळतं. दोघांनी यावर जी युक्ती काढली ती आजही संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवतात. खिडकीच्या चारही कडा दोन्ही बाजूंना वाढवल्या की सगळ्या प्रतलाचे नऊ भाग होतात. मधला भाग म्हणजे खिडकी, बाकीचे आठ तिच्याभोवती. रेषेच्या प्रत्येक टोकाला चार अंकी खूण द्यायची: वर आहे का, खाली आहे का, उजवीकडे आहे का, डावीकडे आहे का. दोन्ही टोकांच्या खुणा शून्य असतील तर रेषा पूर्ण आत आहे. दोन्ही खुणांत एकाच जागी १ असेल, म्हणजे दोन्ही टोकं एकाच कडेच्या पलीकडे असतील, तर रेषा पूर्ण बाहेर आहे आणि तिच्याकडे बघायचीही गरज नाही. फक्त मधल्या अवस्थेतली रेषा कडेवर कापायची आणि पुन्हा तपासायची. या पद्धतीचं खरं सौंदर्य मला नकारात दिसतं. काय दाखवायचं याआधी काय सोडायचं ते ठरतं, आणि तेही क्षणार्धात.

दुसरा धागा रेषांचा नाही, ठिपक्यांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' प्रयोगशाळेत १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, ६०६ ठिपके रुंद आणि ८०८ ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक बिट राखलेला, म्हणजे एका पडद्याला साठ हजारांहून थोडे जास्त बाइट लागत. मूळ आल्टोची एकूण स्मृती १२८ किलोबाइट, तेव्हा त्यातली निम्मी नुसत्या पडद्याने खाल्ली. अशा यंत्रावर अख्खा पडदा वारंवार नव्याने रंगवणं परवडतच नव्हतं. १९७५ मध्ये डॅन इंगल्स, डायना मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बिटब्लिट' हे काम यंत्राला शिकवलं. स्मृतीतल्या एका चौकोनातले बिट उचलायचे आणि दुसऱ्या चौकोनात नेऊन ठेवायचे, हवं तर आधीच्या बिटांत मिसळून. त्याला सोबत कापण्याचा चौकोनही देता येई, त्याच्याबाहेर काही सांडायचं नाही. मजकूर वर सरकवणं, अक्षर उमटवणं, एका विंडोवर दुसरी विंडो आणणं, मागची पुन्हा उघडी करणं, ही सगळी कामं चौकोन उचलून ठेवण्याची झाली.

इथून पडद्याचा तुकडा जपून ठेवण्यापर्यंतचं अंतर फार थोडं होतं, आणि ते त्याच मंडळींनी ओलांडलं. त्यांच्या 'स्मॉलटॉक-८०' या भाषेत 'फॉर्म फ्रॉमयूझर' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की संगणक थांबतो, माणूस माउसने पडद्यावर चौकोन आखतो, आणि त्या चौकोनातलं चित्र एक स्वतंत्र वस्तू म्हणून हाती येतं. पुढे कितीतरी सॉफ्टवेअरांनी विकलेली सोय इथे भाषेच्याच अंगात, एका ओळीत बसवलेली आहे. या मागोव्यात मला सर्वांत मोलाचं ठिकाण हेच वाटतं, कारण यात माणूस आणि चार आकडे पहिल्यांदा नीट समोरासमोर आले. आकडे यंत्राला हवेत, पण माणसाने ते टाइप करायचे नाहीत. त्याने एका कोपऱ्यावर बटण दाबायचं, समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढायचं आणि सोडायचं.

ओढताना चौकोन दिसत राहणं हाही सोडवावा लागलेला प्रश्न होता. काळी रेष काळ्या चित्रावर दिसत नाही, पांढरी पांढऱ्यावर. ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी १९८४ च्या 'मॅकपेंट'मध्ये तुटक रेषेचा चौकोन काढला आणि त्या तुटक रेघा सतत पुढे सरकत ठेवल्या. खालचं चित्र कसंही असो, हलणारी कड डोळ्याला सापडतेच. त्या रेघांना लोक 'चालत्या मुंग्या' म्हणू लागले, आणि चाळीस वर्षांनंतरही चित्र कापायच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत त्या मुंग्या चालताहेत. जून २०२५ मध्ये ॲटकिन्सन गेले. पडद्यावर रोज चौकोन आखणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्यांचं नाव ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याच मॅकिन्टॉशवर कमांड, शिफ्ट आणि ३ दाबलं की अख्ख्या पडद्याचं चित्र मॅकपेंटच्या फाइलमध्ये साठायचं. माउसने निवडलेल्या भागाचं चित्र घ्यायची किल्ली मात्र तिथे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीवर 'प्रिंट स्क्रीन'ची कळ होती, आणि ती शब्दशः तेवढंच करायची: पडद्यावरचा मजकूर छपाईयंत्राकडे. विंडोजने तिला चित्र क्लिपबोर्डवर ठेवायला लावलं. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत आणि सायबर कॅफेंत त्यापुढचा विधी लोकांना तोंडपाठ होता: 'पेंट' उघडा, पेस्ट करा, हवा तेवढा भाग निवडा, कापा, जतन करा. विंडोजचं 'स्निपिंग टूल' सर्वसामान्यांच्या संगणकावर २००७ च्या व्हिस्टाबरोबर पोचलं. प्रयोगशाळेत एका ओळीत होणारं काम सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत यायला अशी दोन-अडीच दशकं गेली, आणि यात तंत्राची अडचण काहीच नव्हती.

हलत्या चित्रात मात्र अडचण खरी होती. साधा हिशेब करू. आजचा नेहमीचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट, सेकंदाला तीस चित्रं. सेकंदाला साडेअठरा कोटी बाइटांहून जास्त माहिती होते. त्याऐवजी ६४० गुणिले ४८० चा तुकडा सेकंदाला पंधरा वेळा टिपला तर तीच माहिती एक कोटी अडतीस लाखांवर येते. नव्वदच्या दशकातली हार्ड डिस्क आणि प्रोसेसर यांना पहिला आकडा झेपण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दुसऱ्यासाठीही धडपड होती. म्हणून 'लोटस स्क्रीनकॅम', मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ सोबत मिळालेला 'कॅमकॉर्डर' आणि त्यांच्यामागून आलेलं 'हायपरकॅम' या पिढीला पडद्याबाबत काटकसर करावीच लागली. काहींनी चित्राचा बदललेला भागच साठवायचा मार्ग घेतला. टेकस्मिथ कंपनीने आपल्या 'कॅमटेशिया'साठी खास पडद्याचीच चित्रं दाबणारी, एकही ठिपका न गमावणारी पद्धत बनवली, कारण माणसाच्या चेहऱ्यासाठी बनवलेली पद्धत अक्षरांच्या कडा खाऊन टाकते.

तुकडा निवडणं हे वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलं ते २००५ नंतर, यूट्यूबमुळे. त्या वेळी तिथला व्हिडिओ ३२० गुणिले २४० ठिपक्यांत दाखवला जाई. १०२४ रुंदीचा अख्खा पडदा टिपून तिथे चढवला तर सगळं तिपटीहून बारीक होई आणि मेनूतलं अक्षर वाचताच येत नसे. ६४० रुंदीचा तुकडा टिपला तर चित्र बरोबर निम्मं होई आणि ताण देऊन का होईना वाचता येई. त्या वर्षांतले शिकवणीचे व्हिडिओ आठवून पाहा. वरच्या डाव्या कोपऱ्यात नोंदणी न केलेल्या हायपरकॅमची पट्टी, नोटपॅडमध्ये टाइप करत केलेलं शिकवणं, आणि मांडणी अशी की हवं ते सगळं एका छोट्या चौकटीत मावेल. घरी बसलेली शाळकरी पोरं तेव्हा संपादनाचा पहिला धडा शिकत होती. चौकटीत काय ठेवायचं हे ठरवल्याशिवाय बटणच दाबता येत नव्हतं. मुक्त स्रोताच्या 'कॅमस्टुडिओ'त तर ठरावीक मापाची चौकट कर्सरच्या मागे मागे फिरवायची सोय होती. ती फार वापरू नये असं माझं मत आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्याखालून जमीन सरकत राहते आणि मेनू कुठे होता हेच त्याच्या लक्षात राहत नाही.

मापाबद्दल एक बारकावा. चौकट हाताने ओढली की रुंदी ६४१ किंवा उंची ३५७ अशी विषम येऊ शकते, आणि मग कित्येक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग सुरू करायलाच नकार देतात किंवा एक ठिपका गुपचूप कापतात. कारण असं: एच.२६४ सारख्या प्रचलित पद्धतींत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची मात्र साधारणपणे दोन गुणिले दोन अशा चार ठिपक्यांत मिळून एकदाच. माणसाचा डोळा उजेडातला फरक जास्त बारकाईने पाहतो, म्हणून ही बचत खपून जाते. पण विषम मापात शेवटच्या रांगेला जोडीदारच उरत नाही. लाल अक्षरांच्या कडा व्हिडिओत फाटल्यासारख्या का दिसतात, याचंही उत्तर याच बचतीत आहे. 'एफएफएमपेग' हे साधन वापरणारे लोक आजही चौकट आकड्यांतच सांगतात: ६४० गुणिले ४८०, डावीकडून १००, वरून २००. आल्टोवरच्या बिटब्लिटला दिले जायचे तेच चार आकडे.

महाराष्ट्रात या सगळ्याचा विचारपूर्वक उपयोग पवईत झाला. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या शैक्षणिक मोहिमेतून 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एक पाठ. शिकवणाऱ्याचा चेहरा नाही, फळा नाही, फक्त सॉफ्टवेअरचा पडदा आणि सोबत आवाज. पडद्याचं चित्रण एकदाच करायचं आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत नव्याने भरायचा. शिकणाऱ्याने पाठ नुसता बघत बसायचं नाही. स्वतःच्या संगणकाच्या एका बाजूला छोट्या विंडोत पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर उघडायचं आणि पाठ थांबवत थांबवत तेच स्वतः करायचं. प्रकल्पात याला 'साइड बाय साइड' पद्धत म्हणतात.

या पद्धतीने पाठ करणाऱ्यावर किती जबाबदारी टाकली, ते पाहा. त्याने टिपलेला पडदा शिकणाऱ्याच्या पडद्याच्या एका भागात मावायचा आहे. तिथेही अक्षर वाचता आलं पाहिजे, माउस कुठे थांबला ते दिसलं पाहिजे, आणि एकाच चित्रावर मराठी, तमिळ वा बंगाली आवाज बसणार म्हणून प्रत्येक क्रियेला पुरेसा वेळ दिला पाहिजे. चेहऱ्याची चौकट गाळली हा निर्णय मला फार योग्य वाटतो. चेहरा असता तर भाषा बदलताच ओठ आणि शब्द जुळले नसते. शिवाय जिथे पडद्याची इंचभर जागाही मोलाची आहे तिथे ती शिकणाऱ्याच्या कामाला मिळाली. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांवर घाईघाईने रेकॉर्डिंगची वेळ आली, तेव्हा या प्रकल्पाचा हा अनुभव आणखी शाळांपर्यंत पोचायला हवा होता. पूर्ण पडदा टिपलेले, खाली टास्कबार आणि वर ब्राउझरचे वीस टॅब असलेले तास मुलांनी पाच-सहा इंचांच्या मोबाइलवर पाहिले. त्यात गणिताची पायरी कितीशी दिसली असेल?

आतापर्यंतची सगळी काटकसर जागेची आणि वेळेची होती. आज डिस्क स्वस्त आहे, प्रोसेसर अख्खा पडदा सहज टिपतो, आणि तरी तुकड्याची गरज वाढली आहे, कारण पडद्यावर आता आपलं घर असतं. कोपऱ्यात मेसेज उमटतो, बँकेचा ओटीपी येतो, बाजूच्या टॅबवर दवाखान्याच्या अहवालाचं नाव असतं. दुरून दुसऱ्याचा फोन चालवणाऱ्या ॲपचा वापर करून लोकांची खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला होता. त्या फसवणुकीचं मूळ हेच, की एक गोष्ट दाखवायला गेलेल्या माणसाने सगळंच दाखवलं.

इथे जुन्या यंत्रणांची एक मोठी उणीव उघडी पडते. १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या 'एक्स' विंडो प्रणालीत एकदा आत शिरलेला कुठलाही प्रोग्राम सगळा पडदा वाचू शकतो. चौकट आखली तरी ती रेकॉर्डरने स्वतःहून पाळलेली मर्यादा असते, त्याच्यावर कुणी घातलेली नसते. लिनक्सवरच्या 'वेलँड' या नव्या प्रणालीने हे मुळातून बदललं. तिथे एक प्रोग्राम दुसऱ्याची विंडो पाहूच शकत नाही. टिपायचं असेल तर डेस्कटॉपकडे परवानगी मागायची, आणि काय द्यायचं ते माणसाने निवडायचं. मार्च २०२२ च्या 'जीनोम ४२' या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये चौकट आखून रेकॉर्ड करायची सोय थेट आतच आली. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून पडदा टिपण्यासाठी वेगळी परवानगी सक्तीची केली. अँड्रॉइड १४ ने सगळा फोन दाखवण्याऐवजी एकच ॲप दाखवायचा पर्याय दिला, म्हणजे वरून उतरणाऱ्या सूचना समोरच्याला दिसत नाहीत. जुन्या लिनक्स वापरणाऱ्यांनी वेलँडबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या, कारण त्यांची आवडती रेकॉर्डिंगची साधनं एका रात्रीत आंधळी झाली. त्यांचा त्रास खरा होता. तरीही रेष आखण्याचा हक्क रेकॉर्डरकडून काढून पडद्याच्या मालकाला देणं मला या सगळ्या वंशातलं सर्वांत न्याय्य पाऊल वाटतं.

चार आकड्यांचं राज्यही आता ढळू लागलं आहे. आकडे पडद्यावरची जागा सांगतात, पण त्या जागी काय आहे हे त्यांना माहीत नसतं. विंडो जरा सरकली, पान खाली ओढलं, की चौकट तिथेच राहते आणि मजकूर निघून जातो. २०२२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या १०४ व्या आवृत्तीत 'रीजन कॅप्चर' आलं. त्यात टॅबचा भाग आकड्यांनी सांगायचा नसतो, पानातला घटक दाखवायचा असतो: हा फळा, हा तक्ता, हा व्हिडिओ. पान सरकलं किंवा विंडोचा आकार बदलला तरी कापण्याची कड त्या घटकाबरोबर जाते. त्यात एक फट राहिली होती. घटकावर दुसरं काही येऊन पसरलं, उदाहरणार्थ बोलणाऱ्याच्या खाजगी टिपणांची पेटी, तर तेही टिपलं जाई. पुढच्या 'एलिमेंट कॅप्चर'ने ती फट बुजवली. त्यात वर काहीही पसरलं तरी फक्त निवडलेला घटकच समोरच्याला दिसतो.